हुकुमाची वाट पाहणारा रणगाडा

१६ मे १९४०. फ्रान्समधल्या स्तोन गावात कॅप्टन पिएर बियोत यांचा शार बी-१ बिस रणगाडा घुसला. जर्मनांचे १३ रणगाडे निकामी करून आणि अंगावर १४० गोळे झेलून तो धडधाकट परतला. एकाही गोळ्याने त्याचं जाड चिलखत फुटलं नाही. फ्रेंचांकडे रणगाडे कमी नव्हते, आणि त्यांतले कित्येक असे दणकट होते. तरी महिनाभरात पॅरिस पडलं आणि २२ जूनला फ्रान्सने शस्त्रसंधीवर सही केली.

असं का झालं, हे रणगाड्याच्या बुरुजात डोकावलं की कळतं. बहुतेक फ्रेंच बुरुजांत जागा एकाच माणसाची. तोफ त्यानेच भरायची, नेम त्यानेच धरायचा, शत्रू हेरायचा आणि तुकडीही त्यानेच हाकायची. बहुतेक हलक्या रणगाड्यांत रेडिओ नव्हता. इशारे निशाणांनी होत. जर्मन पँझर-३ च्या बुरुजात तिघे असत. दोघे तोफ सांभाळत, त्यामुळे नायक पाहायला आणि बोलायला मोकळा. रणगाड्यागणिक रेडिओ, काहींत निदान ऐकण्यापुरता. हा आग्रह जर्मन सेनानी हाइन्झ गुडेरियनचा. पहिल्या महायुद्धात त्याने बिनतारी संदेशांचं काम पाहिलं होतं.

फ्रेंचांना रेडिओ बनवता येत नव्हता असं नाही. पहिल्या महायुद्धात त्यांचे तेरा लाखांहून अधिक सैनिक गेले होते. तसा संहार पुन्हा नको, म्हणून लढाईची प्रत्येक पायरी वरून आखायची आणि तोफखान्याच्या आडोशाने सरकायचं, अशी शिस्त त्यांनी बांधली. ती शोकातून आली होती. पण खालच्याने काही ठरवायचंच नाही म्हटल्यावर त्याच्या हाती रेडिओ देण्याची निकड कोणाला वाटणार? सरसेनापती गामलँ यांच्या व्हँसेनच्या मुख्यालयातही रेडिओ नव्हता. निरोप मोटारसायकलवरून जात.

उलट जर्मन सैन्यात चालत आलेल्या प्रशियाच्या जुन्या रिवाजात वरिष्ठ काय साधायचं ते सांगे. कसं, ते खालचा ठरवी. त्या रिवाजाला रेडिओ आयताच मानवला.

डिसेंबर १९४१ मध्ये मॉस्कोपुढे हिटलरने परवानगीविना माघार घ्यायला मनाई केली आणि माघार घेणाऱ्या गुडेरियनला पदावरून काढलं. रेडिओ तेच होते, पण ठरवायची मुभा गेली होती.

आज ड्रोनखरेदीच्या बातमीत संख्या आणि किंमत ठळक छापतात. ते उडवणाऱ्या जवानाला किती ठरवू देणार, हेही आपण विचारलं पाहिजे.