पारध रिकामी का जाते? वऱ्हाडातील हरीण, फास आणि हरवलेला माळ

पौषातील थंडीत चांदूर बाजार तालुक्यातील शिवारांमध्ये रात्रीचा फेरफटका मारला, तर धुऱ्याधुऱ्यावर पेटलेल्या शेकोट्या दिसतात. मधूनच कुणी पत्र्याचा डबा बडवतो, कुठे फटाका फुटतो. हरभऱ्याला घाटे धरू लागले की शेतकऱ्याची जागल सुरू होते. उत्तरेकडे सातपुड्याची रांग आणि दक्षिणेकडे पूर्णेचे खोरे यांच्यामधील या पट्ट्यात कापूस, तूर, हरभरा आणि संत्र्याच्या बागा आहेत. तेथे रोही, रानडुक्कर आणि हरणांचे कळप रात्री उतरतात. 'हरणे फार झाली' ही तक्रार म्हणूनच गावागावांत ऐकू येते. वऱ्हाडातील एखाद्या पारधी बेड्यावर वृद्धांशी बोलणे काढले, तर मात्र ते उलटेच सांगतात. पूर्वी माळावर जितकी हरणे असत, तितकी आता उरली नाहीत, असे त्यांचे म्हणणे असते.

ही दोन्ही विधाने परस्परविरोधी वाटली तरी दोन्ही खरी असू शकतात. त्यांचा मेळ घालायचा, तर एका जुन्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागते. तो प्रश्न असा, की हरणाची पारध साधते कशामुळे आणि फसते कशामुळे?

हरीण कोणते?

वऱ्हाडात 'हरीण' म्हटले की बहुधा काळवीट अभिप्रेत असते. शास्त्राच्या दृष्टीने चितळ, सांबर आणि भेकर ही खरी हरणे होत. त्यांच्या नरांची शिंगे ठराविक काळाने गळून पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि आपला रोही म्हणजे नीलगाय हे कुरंगवर्गातील प्राणी आहेत. त्यांची शिंगे पोकळ असतात आणि जन्मभर टिकतात. हा भेद केवळ पुस्तकी नाही. सांबर आणि भेकर झाडीच्या आडोशाने जगतात, काळवीट मात्र मोकळ्या माळावर जगते. आडोसा नसल्याने त्याने आपली सारी भिस्त नजरेवर आणि पायांवर ठेवली आहे. दूरवरची हालचाल ते टिपते आणि ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेगाने धावू शकते. ज्याला त्याची पारध साधायची, त्याला या दोन गोष्टींवर तोड काढावी लागते.

माळावर धनुष्य का चालत नाही?

सातपुड्याच्या पश्चिम भागातील भिल्लांचा तीरकामठा प्रसिद्ध आहे. बांबूची कांब आणि बांबूच्याच चिरफळीची दोरी असे त्याचे साधेच रूप. दाट झाडीत, पाणवठ्याजवळ किंवा पायवाटेच्या वळणावर दबा धरून बसणाऱ्यास तो पुरेसा असतो, कारण तेथे जनावर वीस-पंचवीस पावलांवर येऊ शकते. उघड्या माळावर मात्र काळवीट माणसाला इतके जवळ येऊच देत नाही.

जनावर जवळ आले तरी बाण लागेलच असे नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. आजच्या चाके लावलेल्या यांत्रिक धनुष्याचा, म्हणजे कंपाउंड धनुष्याचा, बाण सेकंदाला ऐंशी-नव्वद मीटर जातो, तर साध्या लाकडी किंवा बांबूच्या धनुष्याचा त्याहून पुष्कळच कमी. तीस मीटरवर उभ्या असलेल्या हरणाला दोरीचा टणत्कार सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात ऐकू येतो. यांत्रिक धनुष्याच्या बाणाला तेवढ्याच अंतरासाठी सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. मधल्या वेळात दचकलेले जनावर अंग खाली घेऊन उसळी मारते आणि बाण पाठीवरून निघून जातो. नागपूरच्या ओजस देवतळे याने २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत याच प्रकारच्या धनुष्याने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवून सुवर्णपदक पटकावले. पण तेथील लक्ष्य ठरलेल्या अंतरावर स्थिर असते. हरणाला कान असतात, नाक असते आणि भय असते.

अमेरिकेतील अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे अनेक राज्यांत बंदुकीच्या मोसमाआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून, धनुर्धाऱ्यांसाठी हरणाच्या शिकारीचा स्वतंत्र मोसम असतो. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली असा पहिला मोसम जाहीर केला, तेव्हा अधिकृत नोंद झाली ती एकाच नर हरणाच्या शिकारीची. आजही तेथील शिकारी मोसम मंदावल्याची तक्रार करतात. थंडी लांबली, वारा फिरला किंवा ओकच्या झाडांना भरघोस फळे धरली की हरणे शेताकडे फिरकत नाहीत. रानातच पोट भरत असेल तर उघड्यावर येण्याचा धोका ती कशाला पत्करतील? शिकारी याला दैव म्हणतो. वस्तुतः तो रानाच्या स्थितीचा हिशेब असतो.

फासाचे शास्त्र

वऱ्हाडातील फासेपारध्यांनी या अडचणीवर शोधलेला उपाय त्यांच्या नावातच आहे. हरीण जवळ येत नसेल, तर आपण त्याच्या वाटेवर आधीच असावे, हा त्यामागील विचार. लांब दोरीला ओळीने फास बांधून ती खुंट्यांच्या आधाराने हरणांच्या नेहमीच्या वाटेवर आडवी लावली जाई. मग काही माणसे दुरून, अजिबात घाई न करता, कळपाला त्या दिशेने वळवत. घाबरून उधळलेला कळप कोठेही जातो. किंचित अस्वस्थ झालेला कळप मात्र सवयीची वाट धरतो. हा सूक्ष्म भेद ज्याला कळला, त्याचीच पारध साधे.

दुसरी रीत गाईची. शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडून पारधी चरत चरत पुढे सरके. गुराला हरीण बुजत नाही, याचा हा फायदा. या रीतीवरून काही गटांना 'गायपारधी' हे नावही मिळाले. तिसरी रीत अधिक नाट्यमय होती. माणसाळवलेल्या काळविटाच्या शिंगांना फास बांधून त्याला रानातील कळपाजवळ सोडत. कळपाचा धनी असलेला नर आव्हान समजून अंगावर येई आणि झुंजीत त्याची शिंगे फासात गुंतत. मोगल दरबारात ही रीत परिचित होती. चित्ते पाळून त्यांच्याकरवी हरणे धरणाऱ्या 'चितापारध्यां'चा उल्लेख रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळतो. पुढे चित्ताच भारतातून नाहीसा झाला आणि १९५२ साली तशी अधिकृत घोषणा झाली. २०२२ च्या सप्टेंबरात आफ्रिकेतून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनोमध्ये सोडण्यात आले. चित्तापारध्याची विद्या मात्र परत येणार नाही.

इतके करूनही पारध अनेकदा रिकामी जाई. वारा उलटला की माणसाचा वास कळपापर्यंत पोहोचे. चांगल्या पावसाने गवत जागोजाग माजले की कळप विखुरत आणि ठराविक वाटा मोडत. उन्हाळ्यात पाणवठे आटले की तेच कळप एकवटत. हरीण मिळाले नाही, तर तित्तर आणि लावा यांच्यासाठी लहान फास लावून, त्यांचा हुबेहूब आवाज काढून चूल पेटवावी लागे. गाभण मादी किंवा पाडस फासात सापडल्यास सोडून देण्याची रीत होती, असे समाजातील जाणती माणसे सांगतात. रानात उद्याही जनावर असले पाहिजे, हे रोजच्या पोटासाठी रानावर विसंबलेल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

दैव फिरले ते कायमचे

पारध्याची पारध अधूनमधून फसणे हा निसर्गक्रम होता. विसाव्या शतकात ती कायमचीच फसू लागली, आणि त्यामागील कारणे निराळी होती.

पहिले कारण माणसाच्या कायद्याचे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि भटक्या जमातींना जन्मतःच संशयित ठरवण्याचा मार्ग त्यातून खुला झाला. पारधी समाज त्यात भरडला गेला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, पण कपाळावरचा शिक्का पुसला गेला नाही. गावात चोरी झाली की पहिली धाड बेड्यावर, हा अनुभव पुढच्या पिढ्यांनीही घेतला.

दुसरे कारण माळाचे. पवन्या, मारवेल आणि कुसळीसारख्या गवतांची कुरणे सरकारी कागदावर 'पडीक' म्हणून नोंदली गेली. ज्या जमिनीवर झाड नाही आणि पीकही नाही, ती निरुपयोगी, असा समज रूढ झाला. ई-क्लासच्या जमिनींवर अतिक्रमणे झाली, कुठे वृक्षलागवड झाली, कुठे नांगर फिरला. काळवीट आणि तणमोर यांचे घर त्या 'पडीक' जमिनीतच होते. तणमोर आज अतिसंकटग्रस्त पक्षी मानला जातो.

तिसरे कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे. या कायद्याने शिकारीवर बंदी आली आणि काळविटाला पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची किमान रक्कमही वाढवली. कायदा आवश्यक होता, याविषयी दुमत नसावे. तो नसता तर बंदुका आणि जीपगाड्या घेऊन हौसेखातर शिकार करणाऱ्यांनी उरलेले कळपही संपवले असते. तथापि, हौशी शिकाऱ्याचा छंद गेला आणि पारध्याचे पोट गेले, हा फरक कायद्याने पाहिला नाही. पर्यायी जमीन, शिक्षण आणि रोजगार बंदीच्या सोबत यावयास हवे होते. ते आले नाहीत, किंवा फार उशिरा आले. अमरावती जिल्ह्यातीलच नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी फासेपारधी समाजाच्या मुलांसाठी उभारलेल्या आश्रमशाळेचे नाव 'प्रश्नचिन्ह' असावे, यातच सारे आले.

मग शेतात हरणे कशी?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळता येईल. माळ आटला, म्हणून हरणे एकूण कमी झाली. पण जी उरली, त्यांना चरायला शेताखेरीज जागा राहिली नाही. म्हणून शेतकऱ्याला ती जास्त दिसतात. पारधी त्यांना माळावर शोधत असे, शेतकरी त्यांना आपल्या हरभऱ्यात पाहतो. दोघांचीही नजर खोटी नाही. रोह्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तो शेतीशी सहज जुळवून घेणारा प्राणी असल्याने त्याचा उपद्रव अधिक जाणवतो.

शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे आणि त्याच्या रात्रीही खऱ्या आहेत. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीसाठी वन विभागाकडून भरपाई मिळते आणि त्यात रोही, रानडुक्कर यांच्यासह हरणांचाही समावेश आहे. त्यासाठी नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनकर्मचाऱ्याकडे तक्रार नोंदवणे महत्त्वाचे असते. पंचनाम्यापूर्वी शेत साफ केले, तर हाती काही लागत नाही. रोही व रानडुकरांच्या बंदोबस्तासाठी रीतसर परवानगीची तरतूदही राज्याने २०१५ साली केली. काळविटाला ती लागू नाही. मात्र कुंपणाच्या तारेत विजेचा प्रवाह सोडणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्या तारेला हरीण आणि माणूस यांतील फरक कळत नाही. रात्री ओलितासाठी गेलेला शेजारीही त्यात बळी पडू शकतो.

विद्या कुणाच्या कामाची?

अमेरिकेत वन्यजीव संवर्धनाचा पाया घालणाऱ्यांमध्ये आल्डो लिओपोल्ड यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. ते स्वतः धनुष्य घडवून हरणाच्या शिकारीला जात. आपल्याकडे जिम कॉर्बेट यांचा प्रवासही शिकारीकडून संरक्षणाकडे झाला. त्यांच्या पूर्वायुष्याबद्दल त्यांना कुणी गुन्हेगार म्हटले नाही, उलट ते ज्ञान म्हणून गौरवले गेले. तोच न्याय पारध्याला का नसावा?

त्या दिशेने काही पावले वऱ्हाडातच पडली आहेत. अकोला-वाशीम भागात कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या 'संवेदना' या संस्थेने फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ माळ आणि तणमोर यांच्या रक्षणाचे काम केले आहे. पावसाळ्यात गवतातून उसळी घेणारा तणमोराचा नर नेमका कुठे असेल, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, तेच त्याचे राखणदार झाले. वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ येथे काळविटांसाठी सुमारे १८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. दिवंगत मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून मेळघाटातही काम केले. पुस्तकात न सापडणारे रान आपल्याला पारधी आणि आदिवासी यांच्याकडून कळले, हे ऋण त्यांच्या लेखनातून जाणवते.

चांदूर बाजारसारख्या तालुक्यात याचा उपयोग अगदी व्यवहारी आहे. कळप कोणत्या वाटेने शेतात उतरतात, कोणत्या पाणवठ्यावर थांबतात, गावाजवळचा कोणता तुकडा गवतासाठी राखला तर पिकावरचा ताण कमी होईल, हे सांगू शकणारी माणसे बेड्यांवर आहेत. प्राणीगणना, शेतराखण आणि कुरणांची निगा या कामांत त्यांना मानधनासह सामावून घेणे अशक्य नाही. पण ती माणसे आता वृद्ध झाली आहेत आणि त्यांच्या नातवंडांनी फास कधी हातात धरला नाही. धरूही नये. मात्र वाऱ्याची दिशा आणि हरणाची वाट ओळखण्याची विद्या त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी.

पारध रिकामी गेली की पारधी दैवाला बोल लावीत असे. खरे तर त्याचे रिकामे फास माळ संपत आल्याची वर्दी देत होते. ती वर्दी ऐकणारे तेव्हा कुणी नव्हते, कारण सांगणारा चोर ठरला होता. आज हरभऱ्याच्या राखणीला बसलेला शेतकरी आणि बेड्यावरचा म्हातारा यांना एका शेकोटीजवळ बसवता आले, तर निदान पुढची वर्दी वेळेवर ऐकू येईल.