पत्ते अनेक, किल्ल्या किती?

रुग्णाने डॉक्टरांपाशी सांगितलेली गोष्ट तिथेच राहावी, हे व्रत आपल्या व्यवसायाइतकेच जुने आहे. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांनी त्याला नियमाचे रूप दिले. न्यायालयाचा आदेश, कुणाच्या जिवाला असलेला गंभीर धोका आणि कळविणे बंधनकारक असलेले आजार, एवढेच अपवाद. फ्रीगंजसारख्या वस्तीत तर या व्रताची कसोटी रोजच लागते. टॉवर चौकाच्या परिसरात रुग्ण, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, औषधविक्रेता आणि रुग्णाच्या मुलीसाठी पाहिलेले स्थळ, सारेच एकमेकांच्या ओळखीचे असतात. मानसिक विकाराचा एखादा अहवाल भलत्या हाती पडला, तर त्याची किंमत अख्खे घर मोजते.

मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी ई-मेललाही सल्ल्याचे एक माध्यम म्हणून मान्यता दिली. परंतु साधे ई-मेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावर वाचता येईल अशाच रूपात राहते, आणि खात्यात शिरणारा कोणीही ते उघडू शकतो. यावरील उपायाचे तत्त्व डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली मांडले. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये ‘पीजीपी’ या प्रणालीद्वारे ते सामान्य माणसाच्या हाती दिले. यात किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली सर्वांना वाटायची. तिने लखोटा बंद होतो. तो उघडतो मात्र केवळ आपल्याजवळच्या खासगी किल्लीने. त्याच खासगी किल्लीने पत्रावर सहीही होते. जुन्या मोडी पत्रांत वर शिक्का आणि शेवटी मोर्तब असे. पत्र कोणाचे आणि ते कुठे संपले, हे त्यावरून कळे. पत्र कोणाचे आणि त्यात फेरफार झाला की नाही, हे ही नवी सही सांगते.

खरा पेच पुढे आहे. माझेच उदाहरण घ्या. एक पत्ता घरगुती, एक दवाखान्याचा, एक रुग्णालयाने दिलेला, आणि एक संस्थेच्या सचिवपदाचा. मग किल्ल्या किती?

ग्नूपीजी या विनामूल्य प्रणालीत एकाच किल्लीला अनेक पत्ते जोडता येतात, आणि थंडरबर्डमध्ये ती किल्ली प्रत्येक खात्यासाठी निवडता येते. सोय मोठी आहे: परवलीचा शब्द एक, जपून ठेवायची प्रत एक. पण ज्याला ही किल्ली मिळते, त्याला तिच्यावरील सारे पत्ते दिसतात, हेही ध्यानी असावे.

माझ्या मते येथे एकच प्रश्न विचारावा: हा पत्ता कोणाचा? जो केवळ माझा, आणि दुसऱ्या पत्त्याशी जोडलेला दिसला तरी हरकत नाही, तो माझ्या किल्लीवर. जो पदाचा वा संस्थेचा, त्याला स्वतंत्र किल्ली. पदभारासोबत तीही उत्तराधिकाऱ्याकडे जावी. दवाखान्याची टपाल स्वागतिका पाहत असेल, तर त्या पत्त्याचीही किल्ली वेगळीच हवी. आपली खासगी किल्ली दुसऱ्याला देणे म्हणजे आपली सहीच त्याच्या हवाली करणे होय.

एखादा पत्ता सुटला, तर किल्लीवरील तेवढीच नोंद रद्द करून सुधारित सार्वजनिक किल्ली सहकाऱ्यांना पाठवावी. जुनी खासगी किल्ली मात्र कधीही पुसू नये. तिच्याविना जुनी पत्रे कायमची बंद होतात. परवलीचा शब्द विसरल्यास कोणतीही कंपनी तो परत मिळवून देऊ शकत नाही. म्हणून किल्लीची प्रत दोन ठिकाणी ठेवावी आणि तिचे रद्दपत्र आधीच करून कुलूपबंद ठेवावे. रुग्णाने वैद्यकीय नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत देणे याच विनियमांनी आवश्यक ठरविले आहे. तेव्हा महत्त्वाच्या नोंदींची सुरक्षित प्रत ई-मेलबाहेरही असावी. रुग्णाचे नाव वा आजार पत्राच्या विषयाच्या ओळीत लिहू नये. ती ओळ अनेकदा लखोट्याबाहेरच राहते.

उरतो एक प्रश्न: मिळालेली सार्वजनिक किल्ली खरोखर त्याच डॉक्टरांची, हे कसे ओळखावे? प्रत्येक किल्लीला तिचा ठसा असतो. सध्या प्रचलित किल्ल्यांत तो बहुधा ४० अंक-अक्षरांचा आढळतो. महानगरातील अपरिचितांना तो पडताळणे जड जाते. आपल्याला मात्र मासिक सभेत चहाच्या वेळी ठशाची चिठ्ठी समोरासमोर देता येईल. ज्या घनिष्ठ ओळखीमुळे आपल्या वस्तीत गुपित जपणे अवघड होते, तीच ओळख येथे कामी येते. पुढील सभेला येताना सर्व सन्माननीय सदस्यांनी अशी एक चिठ्ठी अवश्य सोबत आणावी, ही विनंती.