प्लगची साक्ष

मे १९३० मधील गोष्ट आहे. इंग्लंडहून हिंदुस्थानास किंवा हिंदुस्थानाहून इंग्लंडास एकट्यानें विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास आगाखान यांनीं ५०० पौंडांचें बक्षीस लाविलें होतें. जे. आर. डी. टाटा हे कराचीहून निघाले. अस्पी इंजिनियर हे अवघ्या १७ वर्षांचे तरुण इंग्लंडहून निघाले होते. दोघांची गांठ मिसर देशांत, अलेक्झांड्रियाजवळील अबुकीर येथें पडली. स्पार्क प्लग नसल्यामुळें इंजिनियर तेथें अडकून पडले होते. टाटांनीं आपल्याजवळचे जादा प्लग आपल्या प्रतिस्पर्ध्यास देऊन टाकले. इंजिनियर कराचीस पोंचले तेव्हां टाटांना लंडन गांठण्यास कांहीं तास अवकाश होता. बक्षीस इंजिनियर यांस मिळालें. पुढें १९६० सालीं ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

वाचकहो, विमानाची काय किंवा शर्यतीच्या मोटारीची काय, बोटभर लांबीची ही वस्तु दोहोंची गति अडवूं शकते. ती बिघडली आहे हें कळणें सोपें. ती कां बिघडली हें कसें ओळखावें, याचा विचार येथें करावयाचा आहे. आपल्या शीवच्या शेजारीं, माटुंग्यास, वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेंतील विद्यार्थ्यांनीं स्पर्धांसाठीं स्वतः शर्यतीच्या मोटारी बांधल्या आहेत. तेव्हां हा विषय आपणांस अगदींच परका नाहीं.

प्लगची रचना साधी असते. मध्यें धातूची एक काडी, तिच्याभोंवतीं चिनी मातीसारखें पांढरें वेष्टन, त्याबाहेर आटे पाडलेलें पोलादी कवच, आणि कवचास जोडलेली एक वांकडी पट्टी. काडीचें टोंक व पट्टी यांमध्यें साधारणतः पाऊण ते एक मिलिमीटर फट असते. हजारों व्होल्टांच्या दाबाची वीज ती फट ओलांडते, ठिणगी पडते, पेट्रोल व हवा यांचें मिश्रण पेटतें, आणि पिस्टन म्हणजे दट्ट्या खालीं रेटला जातो. चार ठोक्यांच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरास दर दोन फेऱ्यांमागें एक ठिणगी लागते. इंजिन मिनिटास १२,००० फेरे घेत असेल, तर एका सेकंदांत १०० ठिणग्या झाल्या!

प्लगच्या टोंकाचें उष्णतामान सुमारें ४५० अंश सेंटिग्रेडच्या वर असलें तर त्यावरील काजळी आपोआप जळून जाते. तें ८५० अंशांच्या पलीकडे गेलें तर तापलेलें टोंकच ठिणगीच्या आधीं मिश्रण पेटवितें. या दोन मर्यादांमध्यें त्यास ठेवावें लागतें. म्हणून उष्णता लवकर सोडणारा ‘थंड’ प्लग शर्यतीसाठीं, व ती धरून ठेवणारा ‘गरम’ प्लग सावकाश चालणाऱ्या गाडीसाठीं योजतात. यांत एक खोंच आहे. एन. जी. के. च्या प्लगवर अंक मोठा तितका प्लग थंड. बॉशच्या प्लगवर अंक मोठा तितका तो गरम. हें न जाणतां केलेली अदलाबदल इंजिनाच्या जिवावर बेतते.

शर्यतीच्या मैदानावर गाडी ‘मिसिंग’ करूं लागली म्हणजे नवशिका मनुष्य ती हळूहळू परत आणतो आणि मग प्लग काढून पाहतो. येथेंच पहिली चूक होते. कारण मंद चालीची काजळी पूर्ण वेगाच्या खुणा झांकून टाकते. जाणता कारागीर नवे प्लग घालून मैदानावर एक धांव पूर्ण वेगानें घ्यावयास लावतो. त्या वेगांतच चालक क्लच दाबून इंजिन बंद करतो, आणि गाडी घरंगळत येऊन थांबते. इंजिन निवल्यावर प्लग काढून, कोणता कोणत्या सिलिंडरांतला याची खूण ठेवून, भिंगाखालीं तपासतात.

फिकट तपकिरी किंवा करडा रंग हें आरोग्याचें लक्षण होय. कोरडी काळी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त, प्लग फार थंड किंवा ठिणगी दुर्बळ असें समजावें. काजळी वीजवाहक असल्यामुळें वीज फट ओलांडण्याऐवजीं तिच्यावरूनच निसटते. काळा थर तेलकट व ओला असेल तर पिस्टनच्या कड्या झिजून किंवा व्हॉल्व्हच्या बाजूनें तेल आंत येत आहे. प्लग पेट्रोलानें भिजला असेल तर मिश्रण आलें, परंतु पेटलें नाहीं. वेष्टन पांढरें फटक होऊन त्यावर फोड आले व टोंक वितळलें, तर उष्णता अति झाली. पेट्रोल कमी पडणें, ठिणगी फार आधीं पडणें, प्लग फार गरम असणें, अथवा तो नीट आवळलेला नसणें, हीं त्याचीं कारणें. कारण प्लगची उष्णता त्याच्या आट्यांतून व बैठकींतूनच बाहेर जाते. आणि पांढऱ्या वेष्टनावर मिरपुडीसारखे बारीक, चकचकीत ठिपके दिसले तर इंजिन मुळींच सुरू करूं नये. ते बहुधा पिस्टनच्याच ॲल्युमिनियमचे कण असतात. आणखी एक फेरी मारण्याचा मोह झाला, तर पिस्टनला भोंक पडून सारें इंजिन गमवावें लागेल.

शीवच्या रस्त्याकडेस मोटार अडली कीं, प्लग काढून इंजिनास टेकवावयाचा व ठिणगी पडते कीं काय तें पाहावयाचें, अशी जुनी रीत आहे. पेट्रोलच्या वाफा भोंवतीं असतां ती धोक्याची आहे. शिवाय तिनें पुरती खात्रीही होत नाहीं. मोकळ्या हवेंत वीज सहज उडी घेते. सिलिंडरांतील दाबलेल्या मिश्रणांत त्याच उडीस कितीतरी अधिक व्होल्ट लागतात. त्यापेक्षां तिसऱ्या सिलिंडरचा प्लग पहिल्यांत व पहिल्याचा तिसऱ्यांत घालून पाहावा. दोष प्लगाबरोबर पहिल्यांत आला तर प्लग खराब. दोष तिसऱ्यांतच राहिला तर कॉइल, तार, इंजेक्टर, व्हॉल्व्ह व कड्या क्रमानें तपासाव्या. मात्र एका वेळीं एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर गाडी कदाचित् सुधारेल, पण कशानें सुधारली हें कधींच कळणार नाहीं.

सारांश, बहुतेक वेळां प्लग हा केवळ साक्षीदार असतो; गुन्हा दुसऱ्याच ठिकाणीं घडलेला असतो. काळा पडलेला प्लग फेंकून नवा घातला तर गाडी घटकाभर बरी चालेल, पण तेल आंत येतच राहिलें तर नवाही काळा होईल. अबुकीरला मिळाला तसा उदार प्रतिस्पर्धी प्रत्येक शर्यतींत भेटेलच असें नाहीं. म्हणून जादा प्लग पेटींत अवश्य असावे. परंतु जुना फेंकण्यापूर्वीं त्याची साक्ष नीट ऐकून घ्यावी.