दुरुस्तीला लॅपटॉप द्या, हिशेब नव्हे

नागोठण्यासारख्या बाजारपेठेत दुकानाची बिले, गिऱ्हाइकांची उधारी आणि जीएसटीचा हिशेब आज लॅपटॉपवर ठेवला जातो. आंबा नदीकाठची दमट हवा आणि कारखान्यातील धूळ की-बोर्डला मानवत नाही. कळा अडकतात, एक अक्षर दोनदा उमटते, तर काही कळा चालतच नाहीत. अशा वेळी घाईने यंत्र दुरुस्तीला देण्याआधी दोष कशात आहे ते पाहावे.

अक्षरांऐवजी आकडे उमटत असल्यास नम लॉक बंद करा. भलतीच अक्षरे येत असल्यास विंडोज व स्पेस या कळा एकत्र दाबून भाषा बदला. कळ बराच वेळ दाबल्याशिवाय अक्षर उमटत नसेल तर ‘फिल्टर कीज’ ही सोय बंद करा. उजवी शिफ्ट कळ आठ सेकंद दाबली गेली की ती सुरू होऊ शकते. नंतर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, मऊ ब्रशने धूळ झाडा.

एवढ्याने भागले नाही तर यूएसबीचा साधा की-बोर्ड जोडा. तो नीट चालला तर दोष बहुधा लॅपटॉपच्या मूळ की-बोर्डमध्ये आहे. कळा खालून वर उचलल्यासारख्या दिसत असतील तर बॅटरी फुगलेली असू शकते. लॅपटॉप वापरणे ताबडतोब थांबवा. वॉरंटी शिल्लक असताना स्वतः स्क्रू खोलू नका. चहा-पाणी सांडल्याने झालेले नुकसान साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. वॉरंटी यंत्राची असते, आतल्या माहितीची नव्हे. दुरुस्तीत डिस्क बदलली किंवा कोरी केली गेली, तर कंपनी खातेवही परत देत नाही. जीएसटी कायद्यानुसार मात्र हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो. आणि उधारीची नोंदच गेली तर मागणार कोणाकडे?

म्हणून यंत्र देण्यापूर्वी हिशेबाच्या प्रोग्राममधूनच बॅकअप घ्या. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी दुकानापासून दूर ठेवा. जुलै १९८९ मध्ये आंबा नदीला आलेला पूर ज्यांना आठवतो, त्यांना दोन्ही प्रती एकाच कपाटात का ठेवू नयेत हे सांगावे लागणार नाही. प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटचे बिल दिसते का ते पाहा. न तपासलेल्या प्रतीवर भरवसा नको. कळा चालत नसल्या तरी पडद्यावरचा की-बोर्ड किंवा यूएसबीचा की-बोर्ड वापरून हे काम होते.

डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बँकेचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवले असल्यास काढून टाका. यंत्र देताना सीरियल नंबर व तक्रार लिहिलेली पावती घ्या. बिघडलेला की-बोर्ड नवा मिळतो. हरवलेली खातेवही बाजारात मिळत नाही.