लाँग रोलमधली एक ओळ

सातारा, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत 'पणजोबा पलटणीत होते' एवढेच वाक्य मागे उरलेले असते. पलटण कोणती, लढाई कुठली, माणूस परत कधी आला, हे सांगू शकणारी पिढी गेली. मग एखादा पणतू रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करतो आणि बहुतेक वेळा त्याला ठरावीक उत्तर मिळते: संबंधित सैनिक पेन्शनर नसल्यामुळे त्याची कागदपत्रे ठेवण्याची मुदत संपली असून ती नष्ट करण्यात आली आहेत. घरच्यांना हे उत्तर तुसडे वाटते, काहींना तर थाप वाटते. पण या सगळ्या प्रकरणाची किल्ली त्याच उत्तरात आहे. कागद कसे गेले हे त्यातून कळते, आणि उरले असलेच तर कुठे उरले असतील हेही कळते.

पेन्शन न घेता सेवामुक्त झालेल्या जवानाची कागदपत्रे साधारण 25 वर्षे ठेवायची आणि मग नष्ट करायची, पेन्शनरची त्याहून बरीच जास्त काळ ठेवायची, असा लष्कराचा नियम. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी लष्करी न्यायाधिकरणात जे दावे चालतात, त्यांच्या निकालांत हा नियम वारंवार भेटतो. त्याच निकालांत आणखी एक शब्द येतो, 'लाँग रोल'. फाईल गेली तरी ही नोंदवही ठेवतात. एका माणसाला एक ओळ: नंबर, नाव, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, आणि असलाच तर कारणाचा एखादा शब्द. तो माणूस टायग्रिसच्या काठी लढला की बराकीतल्या मुदपाकखान्यात राबला, ते ओळीत नाही. तो कसा दिसत होता, त्याला काय लागले, कोण वारले म्हणून त्याने रजा मागितली, हे सगळे फाईलमध्ये होते आणि फाईल नियमाप्रमाणे गेली. उधारी फिटल्यावर वाणी खातेवहीतल्या नावावर काट मारतो, तसाच हा व्यवहार. सरकारचे देणे संपले, कागदाचे कामही संपले.

माझे म्हणणे एवढेच आहे की सामान्य शिपायाचा कागद इतिहासासाठी कधी तयारच झाला नव्हता. तो पगारासाठी, पेन्शनसाठी, वारसाला द्यायच्या रकमेसाठी तयार झाला. म्हणून शोध घेणाऱ्याने शौर्याच्या मागे न लागता पैशाच्या मागे लागावे. यावर कोणी म्हणेल, हे आपल्याकडच्या बेपर्वाईला दिलेले गोंडस नाव आहे, साहेबाच्या देशात असे होत नाही. तर साहेबाच्या देशातच बघू. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या सुमारे 65 लाख फायली लंडनमध्ये होत्या. सप्टेंबर 1940 च्या बाँबहल्ल्यात त्यांतल्या बहुतेक जळाल्या आणि वीसेक लाख वाचल्या, त्याही करपलेल्या, भिजलेल्या. ही तूट भरून काढायला जो दुसरा संच उभा राहिला, त्यातले कागद मुख्यतः पेन्शन खात्याकडून गोळा केलेले होते. अमेरिकेत सेंट लुईसच्या लष्करी दप्तराच्या सहाव्या मजल्याला 12 जुलै 1973 रोजी आग लागली आणि 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख फायली गेल्या. त्यांची दुसरी प्रत नव्हती, सूचीही नव्हती. पाण्याने भिजलेले गठ्ठे दुधाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये भरून मॅकडॉनेल डग्लस या विमान कंपनीच्या निर्वात कक्षात वाळवले आणि सुमारे 65 लाख नोंदी वाचवल्या. ज्यांचे काहीच वाचले नाही, त्यांची सेवा आजही तिथे शेवटच्या पगाराच्या व्हाउचरवरून आणि रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदींवरून जुळवतात. तिकडे आग लागली, इकडे नियम लागला. दोन्हीकडे वाचला तो हिशेबाचा कागद.

आता मेलेल्यांचे पाहू, कारण या शोधात जिवंत परतलेल्यापेक्षा मेलेला लवकर सापडतो. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडलेल्या आणि ज्यांची थडगी माहीत नाहीत अशा 40 हजारांहून अधिक जणांचे स्मारक बसऱ्याजवळ आहे. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. 29 एप्रिल 1916 ला कुत पडले आणि सुमारे 13 हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांतले बरेच तिथेच संपले. बसऱ्याच्या दगडावर ब्रिटिश शिपायाचे नाव आहे, हिंदी सुभेदार-जमादाराचेही आहे. हिंदी शिपाई आणि हवालदार मात्र पलटणीच्या नावाखाली नुसत्या आकड्यात आहेत. गावागावांतल्या संगमरवरी पाट्यांवर हीच पद्धत दिसते: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने 46 माणसे गमावली, म्हणून 'मिलिटरी' हा शब्द त्या गावाच्या नावालाच चिकटला. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने नेमलेल्या समितीने एप्रिल 2021 च्या अहवालात हा पंक्तिभेद उघडपणे मान्य केला: किमान 1 लाख 16 हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मृतांची नावे कुठल्याच स्मारकावर आली नाहीत, किंवा त्यांची दखलच घेतली गेली नाही. त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले होते. पण हेही खरे की दगडावर नसलेली बरीच मराठी नावे कमिशनच्या रजिस्टरात आहेत. नंबर, पलटण, मृत्यूची तारीख, बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा एवढे सगळे तिथे सापडते. म्हणून मेलेल्याच्या घराने आधी तिथे शोधावे.

इथे एक रास्त हरकत येते. लाहोरच्या संग्रहालयात पंजाब सरकारने युद्धानंतर केलेल्या नोंदवह्या निघाल्या. सुमारे 26 हजार पाने, 3 लाख 20 हजार सैनिक, गाववार. 2021 मध्ये त्या लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या. म्हणजे सरकारला नावे माहीत होती आणि तीही नुसत्या मेलेल्यांची नव्हेत. मग पैशाच्या मागे जा हा सल्ला कशाला? मुंबई इलाख्याच्या वह्याच शोधा की! हरकत बरोबर आहे, आणि कोणाला तशा वह्या मिळाल्या तर हा लेख आनंदाने रद्दीत घालावा. पण पंजाबचे उदाहरण अपवाद म्हणूनच डोळ्यांत भरते. भरतीचा सर्वांत मोठा वाटा ज्या प्रांताने उचलला, त्याने आपली निष्ठा कागदावर मांडून ठेवली. आपल्या बाजूचा असा खजिना अजून पुढे आलेला नाही, आणि तो येईपर्यंत हातात आहे त्यावर भागवावे लागेल.

हातात असते ते बहुधा मेडल. पहिल्या युद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल शिपायाला चांदीचे मिळे, आणि स्वयंपाकी, भिस्ती, हमाल अशा बिनलढाऊ माणसांना काशाचे. एका बाजूला राजाचे डोके, दुसऱ्या बाजूला उघडाबंब घोडेस्वार. लोक ही दोन तोंडे न्याहाळतात आणि मेडल पुन्हा डबीत ठेवतात. वाचायची असते ती कड. नाण्याएवढ्या जाडीच्या त्या कडेवर बारीक रोमन अक्षरांत आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव आणि शेवटी पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना दिलेले स्टार कोरे होते, हिंदी सैनिकांच्या स्टारवर मात्र नाव-नंबर घातलेले असत. जिथे हिंदी शिपायाला दगडावर नाव मिळाले नाही तिथे धातूवर मिळाले, ही या साऱ्या कारभारातली एक विचित्र गंमत म्हणायची. अर्थात चांदीची मेडले गहाण पडली, मोडीत गेली, कुणाच्या तोड्यात वितळली. उरलेली दर दसऱ्याला घासून घासून कडेची अक्षरे पुसट झाली आहेत.

कड वाचता आली तरी खरी झटापट पुढेच आहे. त्या काळात नंबर पलटणीपुरताच असे. एकच नंबर दहा पलटणींत दहा जणांचा. म्हणजे पलटणीवाचून नंबर कुचकामी. आणि पलटणीची नावे तरी कुठे स्थिर होती? 1922 मध्ये फेररचना झाली तेव्हा 103 ची 1/5, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण, झाली, 105 ची 2/5, 110 ची 3/5, 116 ची 4/5 आणि 117 ची 5/5. 1944 मध्ये इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून मेलेले नाईक यशवंत घाडगे 3/5 चे. ती पलटण 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि आज 2 पॅरा म्हणून ओळखली जाते. पणजोबा '110 मध्ये' होते असे म्हणणाऱ्याला ही वंशावळ माहीत नसेल, तर तो चुकीच्या दारावर उभा राहील. 111 महार पलटणीची गत याहून वाईट. 1917 मध्ये उभी केली, 1921 पर्यंत मोडली. आजची महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 ला नव्याने उभी राहिली. मधल्या वीस वर्षांत जुन्या पलटणीच्या माणसांना वारसदार पलटणच नव्हती, आणि वारसदार पलटण नसली की दप्तर सांभाळण्याचे कर्तव्यही कुणाचे नसते.

जिल्ह्यांचेही तसेच. रजिस्टरात 'कुलाबा' लिहिले असेल तर तो आजचा रायगड. 'रत्नागिरी' लिहिले असेल तर गाव आज सिंधुदुर्गात असू शकते, कारण तो जिल्हा 1981 मध्ये वेगळा झाला. नावांची रोमन लिपी लिहिणारा कारकून मराठी असेलच असे नाही. जाधव, पवार, शिंदे, सावंत यांची प्रत्येकी चार-पाच रूपे धरूनच शोधावे लागते, आणि आडनाव नुसते बापाच्या नावात बुडाले असेल तर गावावरूनच. लढाईच्या रोजनिश्या आहेत, पहिल्या युद्धाच्या तर घरबसल्या वाचता येतात. पण त्यांत अधिकारी नावाने मरतो आणि शिपाई 'इतर दर्जाचे दोन' म्हणून. कोकणातले खलाशी तर पलटणीत नव्हतेच. पहिल्या युद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांचे स्मारक मुंबईच्या मशीद बंदर भागात आहे. आपला माणूस 'लढाईत गेला' म्हणणारी काही घरे त्याला भूदलात शोधत बसतात.

सर्वांत अवघड माणूस मात्र वेगळाच. तो मेला नाही, त्याला पेन्शन नाही, त्याने पराक्रम गाजवला नाही. युद्धापुरती भरती झाली आणि 1919 किंवा 1946 मध्ये थोडी रक्कम हातावर ठेवून त्याला घरी पाठवले. दुसऱ्या महायुद्धात 25 लाखांच्या घरात गेलेल्या हिंदी सैन्यात अशांचीच संख्या मोठी. पैशाचा माग काढावा हा माझा युक्तिवाद इथे अडखळतो, हे मान्य करायला हवे: ज्याला काही दिलेच नाही त्याचा माग कसला? तरी दोन वाटा उरतात. अशा सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य शासनाने पुढे मासिक मदत सुरू केली. ती मागितली असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज आणि जोडलेले दाखले असण्याची शक्यता आहे. आणि सेवेबद्दल जमीन मिळाली असेल, तर तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारात तिची नोंद असते. हेही नसेल, तर पलटणीचा इतिहास वाचून 'बहुधा तिथे होता' एवढेच म्हणता येते. 'बहुधा' हा शब्द गाळून वंशावळीत त्याला थेट कुतच्या वेढ्यात बसवण्याचा मोह होतो. तसे करू नये. पुढच्या पिढीला खोटा पुरावा देण्यापेक्षा मोकळी जागा दिलेली बरी.

काही जण म्हणतील, साहेबाच्या साम्राज्यासाठी पोटापाण्याकरता लढलेल्या माणसांचा एवढा पिच्छा कशाला? पोटापाण्यासाठी गेले हे खरेच. म्हणूनच तर त्यांचा इतिहास पगारपत्रकात आहे. आणि दुष्काळी मुलखातला माणूस सैन्यात का शिरला, याचे उत्तर त्या पत्रकाइतके रोकडे दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

तेव्हा घरात मेडल, डिस्चार्जचा कागद किंवा पेन्शनचे पुस्तक असेल तर आधी त्याचे फोटो काढा, मेडलच्या कडेचे चारही बाजूंनी. यंदाच्या दसऱ्याला ते चिंचेने किंवा राखेने घासू नका. नंबर, पलटण, गाव, तालुका आणि घरात सांगितले जाते ते, असे पाच रकाने एका कागदावर लिहा, आणि पाचव्या रकान्यापुढे ते कोणी सांगितले त्याचे नाव घाला.