स्टार्टरचा हट्टी कनेक्टर

गेल्या सत्रात कॅम्पला निघायच्या आदल्या दुपारी शाळेचा ट्रक चालूच होईना. किल्ली फिरवली की एक ‘टक्’ आवाज, पुढे काही नाही. अकरावीचे दोन कॅडेट्स तेव्हा एमटी शेडमध्ये होते. एकाने लगेच निदान केले, ‘सर, स्टार्टर गेला.’ स्टार्टर खरोखरच गेला होता, पण ते ठरवायला आम्हाला अर्धा तास लागला आणि तो काढायला दोन तास. त्यातली वीस मिनिटे बोल्टांची. उरलेला सगळा वेळ वायरींनी खाल्ला. म्हणून इथे वायरींविषयीच लिहितो.

आपल्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. बॅटरीकडून येणारी जाड केबल स्टार्टरच्या सोलेनॉइडवरील मोठ्या तांब्याच्या स्टडवर नटने आवळलेली असते. त्या टर्मिनलचा क्रमांक बहुधा ३०. किल्लीच्या स्विचकडून येणारी बारीक वायर ५० क्रमांकावर येते, कधी छोट्या नटने, कधी प्लॅस्टिकच्या कनेक्टरने. तिसरी अर्थची केबल.

आता फिजिक्सच्या तासाला शिकलेला ओहमचा नियम इथे लावा. ट्रकचा स्टार्टर इंजिन फिरवताना काहीशे अँपिअर ओढतो. ३०० धरू. गंजलेल्या एका सांध्याचा रोध ०.०१ ओहम असेल, तर त्या सांध्यावरच ३ व्होल्ट पडतात आणि ९०० वॉट उष्णता तयार होते. म्हणजे घरच्या इस्त्रीएवढी, एका नटाखाली! स्टार्टर धडधाकट असूनही ‘टक्’ करून गप्प बसतो तो यामुळे. तेव्हा पाना हातात घेण्याआधी मीटर घ्यावा. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने मीटरचे एक टोक बॅटरीच्या खुंटीवर आणि दुसरे ३० च्या स्टडवर धरायचे. एका सांध्यावर ०.२ व्होल्टच्या वर पडत असतील तर तो सांधा आधी साफ करावा, असा साधारण नियम आहे. आमच्या ट्रकमध्ये ३० वर आणि ५० वर दोन्हीकडे पुरेसा दाब पोहोचत होता, अर्थही ठीक होती, तरी मोटर हलत नव्हती. मगच स्टार्टर काढायचे ठरले.

काढताना गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांना गुटके, आणि बॅटरीची ऋण केबल सर्वात आधी सुटी. धन टोक आधी सोडायला गेलात आणि पाना चासिसला टेकला तर दोन बॅटऱ्यांची सगळी ताकद त्या पान्यातून धावते. हातातले घड्याळ, अंगठी, कडे आधी काढून ठेवा. माझ्या डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा चट्टा आहे, तो तीस वर्षांत गेलेला नाही. गाडी बीएस-६ असेल तर किल्ली बंद केल्यावर बॅटरी सोडण्याआधी किती थांबायचे ते पुस्तिकेत पाहावे.

५० चा कनेक्टर काही केल्या निघेना. कॅडेटने वायर मुठीत धरून ओढायला सुरुवात केली, तिथे मी त्याला थांबवले. प्लॅस्टिकचा कनेक्टर जोराने निघत नाही, कारण त्याला एक खटका असतो आणि तो खटका आतल्या दातावर अडकलेला असतो. स्टार्टर इंजिनच्या खालच्या बाजूला. रस्त्यावरची धूळ आणि तेल त्या खटक्याखाली जाऊन घट्ट बसतात, मग खटका दाबला तरी खाली जायला जागाच उरत नाही. वर इंजिनच्या उष्णतेने प्लॅस्टिक पापडासारखे ठिसूळ झालेले असते. तरुणपणी एका घाटात मी असाच कनेक्टर पकडीने ओढला होता. वायर हातात आली, पितळी टोक आतच राहिले आणि आमचा ट्रक दुसऱ्या ट्रकला बांधून खाली आणावा लागला.

त्या दिवशी आम्ही केले ते असे. आधी जुन्या टूथब्रशने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने खटक्याभोवतीची माती काढली. टॉर्च आणि छोटा आरसा लावून खटका नेमका कोणत्या बाजूला आहे ते पाहिले. काही कनेक्टरांना वरून लाल किंवा पिवळी दुसरी कडी असते, ती आधी सरकवावी लागते. मग कनेक्टर ओढण्याऐवजी आत ढकलला. दातावरचा ताण सुटतो तो ढकलल्याने, हे बहुतेकांना उलटे वाटते. ताण सुटल्यावर खटका दाबून धरला आणि कनेक्टरच्या अंगाला धरून, वायरीला अजिबात हात न लावता, डावी-उजवीकडे किंचित हलवत बाहेर घेतला. ‘क्लिक’ ऐकू आल्यावर त्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा होता.

मोठ्या नटाचा हट्ट वेगळा. तिथे खटका नाही, गंज आहे. पेनिट्रेटिंग ऑइल मारून पंधरा मिनिटे स्वस्थ बसायचे. (आमचे पंजाबी ड्रायव्हर तेवढ्यात चहा घेऊन आले. ते पान्याला ‘चाबी’ म्हणतात, त्यामुळे कॅडेट ट्रकची किल्ली घेऊन हजर झाला.) नंतर नट आधी जरासा आवळायच्या दिशेने हलवावा, मग सोडावा, आट्यांतला गंज त्याने तुटतो. स्टडवर दोन नट असतील तर आतला एका पान्याने धरून ठेवायचा आणि बाहेरचा दुसऱ्याने फिरवायचा. नाहीतर नटाबरोबर स्टडच फिरतो आणि सोलेनॉइडचे टोपण तडकते. जुना स्टार्टर टाकायचाच आहे म्हणून इथे हयगय चालेल, पण हीच सवय नवा बसवताना नडते. ज्योत लावून तापवणे मात्र नकोच, शेजारी प्लॅस्टिक आणि डिझेलची नळी आहे.

नवा बसवण्याआधी केबलच्या टोकावरचा हिरवा जंगाल पॉलिश पेपरने काढून तांबे चकचकीत केले. केबलचे टोक थेट स्टडच्या बैठकीला टेकले पाहिजे. वायसर त्याच्यावर यावा, मध्ये कधीही नाही. शेवटचा बोल्ट लागेपर्यंत जड स्टार्टर खालून एकाने धरून ठेवला, केबलला लोंबकळू दिला नाही. बॅटरीला जोडताना धन आधी, ऋण सर्वात शेवटी. सांध्यांवर बाहेरून पेट्रोलियम जेली लावली.

संध्याकाळी साडेसहाला ट्रक पहिल्या किल्लीत सुरू झाला. माझ्या घाटातल्या त्या कनेक्टरचे तुटलेले अर्धे अंग शेडमध्ये खिळ्याला टांगलेले आहे. आतला दात कसा असतो ते ज्यांना पाहायचे असेल त्यांनी रविवारी दुपारी यावे, हात काळे करायची तयारी ठेवून.