निकालाचा पत्ता कसा वाचावा?

धाराशिवच्या जिल्हा न्यायालयात बांधाचा किंवा वाटणीचा दावा लढविणाऱ्या पक्षकाराच्या हाती लेखी युक्तिवादाची प्रत येते, तेव्हा त्यातील मजकूर त्याला बराचसा कळतो. तो अडतो ‘एआयआर १९८३ एससी ४६’ यांसारख्या ओळींपाशी. ज्या निकालाच्या आधारावर आपली जमीन राहणार किंवा जाणार, तो निकाल या ओळीत दडलेला असतो, आणि नेमकी तीच ओळ वाचता येत नाही. वकील मंडळी तिला ‘सायटेशन’ म्हणतात. वस्तुतः तो त्या निकालाचा पत्ता होय.

वरील ओळ उस्मानाबाद जिल्ह्याच्या इतिहासाशी थेट निगडित आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि येथील पक्षकारांना उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठणे भाग पडू लागले. २७ ऑगस्ट १९८१ रोजी मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्यपालांच्या मान्यतेने आदेश काढला. औरंगाबाद, बीड, जालना, नांदेड, परभणी आणि (तेव्हा लातूरसह असलेल्या) उस्मानाबाद जिल्ह्यातील प्रकरणे औरंगाबाद येथे ऐकण्याची व्यवस्था त्याद्वारे झाली. या आदेशाला आव्हान देण्यात आले व उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८२ मध्ये तेथे आदेश वैध ठरला. ‘महाराष्ट्र राज्य वि. नारायण शामराव पुराणिक’ हे ते प्रकरण. उमरगा वा परंडा येथील अपील आज औरंगाबाद खंडपीठापुढे जाते, त्यामागे हा निकाल आहे.

आता त्याचा पत्ता वाचू. ‘एआयआर’ म्हणजे नागपूरहून प्रसिद्ध होणारे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’. १९१४ पासूनचे निकाल त्यात सापडतात. १९८३ हे खंडाचे वर्ष, ‘एससी’ म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा विभाग आणि ४६ हे पृष्ठ. हाच निकाल ‘(१९८२) ३ एससीसी ५१९’ असाही उद्धृत केला जातो. ‘एससीसी’ म्हणजे १९६९ पासून निघणारे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’. १९८२ सालचा तिसरा खंड, पृष्ठ ५१९. निकाल एकच, पत्ते दोन, वर्षेही निरनिराळी. निकाल लागला १९८२ मध्ये, छापला गेला पुढील वर्षाच्या ‘एआयआर’मध्ये. त्यामुळे पत्त्यातील वर्षालाच निकालाचे वर्ष समजणे धोक्याचे. विशेषतः कायद्यात मध्यंतरी दुरुस्ती झाली असेल, तर निकालाची मूळ तारीख पाहिलीच पाहिजे.

नावांचा क्रमही फसवा असतो. उच्च न्यायालयात पुराणिक प्रभृती अर्जदार होते. शासन अपिलात गेल्यावर शासनाचे नाव आधी आले. आपल्याच गावच्या प्रकरणाचा शोध घेताना नावे उलटीपालटी करून पाहावी लागतात, ती याचमुळे.

महाराष्ट्रापुरती आणखी काही संक्षेपांची ओळख पुरते. ‘बॉम. एलआर’ म्हणजे ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’, ‘एमएच.एलजे’ म्हणजे ‘महाराष्ट्र लॉ जर्नल’, ‘बॉम. सीआर’ म्हणजे ‘बॉम्बे केसेस रिपोर्टर’. मराठवाड्यात यांच्या जोडीला एक जुना पाहुणा भेटतो, ‘एआयआर हैद.’ निजामाचे संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता व तेथील उच्च न्यायालयाचे निकाल या नावाने छापले जात. कूळहक्काच्या वादात येथे १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदाच पाहावा लागतो. साहजिकच जुन्या शेतजमिनीच्या युक्तिवादात हे संदर्भ अद्यापही डोकावतात.

खासगी ग्रंथांवरील हे अवलंबित्व २०२३ पासून कमी होऊ लागले. सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालांना स्वतःचा क्रमांक देण्यास आरंभ केला. त्यात वर्षानंतर ‘आयएनएससी’ ही अक्षरे व मग अनुक्रमांक येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात वर्षापाठोपाठ ‘बीएचसी-एयूजी’ असे दिसले, तर निकाल औरंगाबाद खंडपीठाचा समजावा. शेवटी ‘डीबी’ असल्यास तो दोन न्यायमूर्तींच्या पीठाचा, ‘एफबी’ असल्यास पूर्णपीठाचा. ही दोन अक्षरे दुर्लक्षिण्यासारखी नाहीत. एका न्यायमूर्तींचा निकाल आपल्या बाजूने आणि पूर्णपीठाचा विरुद्ध असेल, तर पहिल्याचा उपयोग जवळपास शून्य. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकाल ‘ई-एससीआर’ या संकेतस्थळावर विनामूल्य असून त्यांतील अनेकांचे मराठी अनुवादही तेथे आहेत.

पत्ता ओळखीचा दिसला म्हणजे त्या पत्त्यावर घर असतेच असे नाही. २०२५ मध्ये प्राप्तिकराच्या एका प्रकरणात करनिर्धारण आदेशात नमूद केलेले निकाल मुळात अस्तित्वातच नसल्याचे मुंबई उच्च न्यायालयाला आढळले आणि तो आदेश रद्द झाला. संगणकाने रचलेले संदर्भ न पडताळता वापरू नयेत, असे न्यायालयाने त्यावेळी बजावले. संदर्भाची ओळ हाती आली, की निकाल उघडून पक्षकारांची नावे, तारीख आणि उद्धृत परिच्छेद जुळतो का, एवढे पाहण्यास कायद्याची पदवी लागत नाही.

स्वतःच्या दाव्याचा क्रमांक मात्र यात मोडत नाही. ‘रे.मु.नं.’ म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर, ‘नि. ५’ म्हणजे निशाणी पाच, बहुधा तात्पुरत्या मनाईचा अर्ज. संगणकीय नोंदीचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांकही प्रकरण कोठवर आले ते सांगतो; दाखला म्हणून तो कोणी उद्धृत करीत नाही.

राहता राहिले जिल्ह्याचे नाव. नामांतराविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी फेटाळल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. छापलेल्या जुन्या निकालांतील ‘उस्मानाबाद’ मात्र तसेच राहते. संकेतस्थळावर केवळ ‘धाराशिव’ टंकलिखित करून शोधणाऱ्यास जिल्ह्याचे जुने निकाल हाती लागणार नाहीत. दोन्ही नावे घालून पाहावीत.